कुमसार आणि कर्णा

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ठाण्याच्या खाडीकाठी, आमच्या मिठागरांच्या गावात, एका रविवारी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आटोपल्यावर आवाज माणसाला सोडून एका पेटीत जाऊन बसला. त्याआधी जी खरखर झाली ती अजून माझ्या कानात आहे: सुकलेल्या मिठावरून अनवाणी चालावे तशी कोरडी, चुरचुरती.

त्या पेटीला फोनोग्राफ म्हणतात. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थाने चर्चच्या, आमच्या बोलीत देवळाच्या, अंगणात ती मांडली, मेणाची नळी चढवली, आणि आमच्या पाद्रीबाबांना पितळी कर्ण्यात तोंड घालून प्रार्थना म्हणायला लावली. मग त्याने किल्ली फिरवली. बाबा गप्प उभे, आणि त्यांची प्रार्थना कर्ण्यातून येते आहे. मधला त्यांचा खोकलासुद्धा! बायकांनी छातीवर क्रूस काढले. मी मराठी शाळेचा मास्तर, यंत्रांवर वर्गात व्याख्याने देणारा. माझेही तोंड उघडे ते उघडेच.

शेजारी माझी रेजिना मावशी होती. तिने माझी बाही ओढली.

"मास्तर, यातून जुनं पन निघतं काय?"

आता असा प्रश्न आल्यावर माझ्यासारख्याने काय करावे? "निघतं तर, मावशे. कालचंसुद्धा."

तिचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. मला काय ठाऊक की आदल्याच दिवशी तिने कुमसार केला होता, जाळीआडच्या पाद्रीबाबांच्या कानात आपले पाप सांगितले होते! तिचा हिशेब सरळ होता: बाबांच्या तोंडातले पेटीत गेले, तर कानातले का जाणार नाही? आणि पुढच्याच रांगेत नातालीनबाई बसलेल्या. मावशीच्या मुलीची होणारी सासू. गावदेवीच्या पायरीवर दिवा लावणाऱ्या घरची सून मी आणणार नाही, असे त्यांनी सोयरीक ठरतानाच चारचौघांत बजावलेले.

गृहस्थाने दुसरी नळी चढवली. खरखर सुरू झाली. मावशी ताडकन उठली.

"पेटीनं सांगू नये, मीच सांगते. तापाच्या साथीत गावदेवीला नारल मी फोरला. पोर डोले उघडत नव्हता. पोरीचा यात काय नाय."

पेटीतून निघाले ते नुसते बँडचे वाजवणे. ते कोणी ऐकलेच नाही.

वाचका, त्या क्षणी मी माझ्या थट्टेपुढे हबकून उभा होतो. वाटले, यंत्राचे नवल ते काय? आपल्या प्रत्येकाच्या आत एक मेणाची नळी फिरतच असते. बाहेर कर्णा दिसला की ती आपणहून बोलू लागते, इतकेच. माझ्या पोटातली नळीही त्या वेळी एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवीत होती: एका चावट शब्दाने मी माझ्या मावसबहिणीचे लग्न मोडले. आणि त्या जाळीआडचा कान! ऐकून घेतो, क्षमा देतो, आणि मातीत पाणी मुरावे तसे सारे मुरवून टाकतो. न विसरणारी वस्तू माणसाने घडवली खरी, पण विसरणाऱ्याचे औदार्य तिच्यात कोणत्या किल्लीने भरावे? आमच्या गावात देऊळ आणि देवीची पायरी यांच्यामध्ये एकच बांध आहे. तापलेल्या लेकराला उराशी धरून तो ओलांडणाऱ्या आईला परमेश्वर काय म्हणाला असेल? पाद्रीबाबांनी मान खाली घातली होती. ती रागाने की दुसऱ्या कशाने, हे मला आजही सांगता येत नाही.

बँड संपला. नुसती खरखर उरली, तीच, मिठावरच्या पावलांची. कोणीतरी अनवाणी, चोरपावलांनी बांध ओलांडून चालले आहे, असे मला उगीच वाटले. पाहतो तो सारे अंगण नातालीनबाईंकडे वळलेले. त्या सावकाश उठल्या, पदर सावरला, मावशीकडे टक लावून पाहिले, आणि पाद्रीबाबांच्या देखत त्यांच्या तोंडून निघून गेले:

"म्हंजे तो नारल तुजा व्हता? आनि मी मेली देवीला कोंबरी घेऊन उभी, इचार करते की पायरीवर आपल्या आधी कोन येऊन गेला."