केळ्यांच्या खोक्यावरचा ‘मी’

ऑकलंडमधली आमची सुरुवातीची वर्षं, २००५च्या आसपासची. दर रविवारी अवोन्डेलच्या मार्केटमध्ये मी एका म्हाताऱ्या बर्मी भाजीवाल्याकडून कोथिंबीर घ्यायचे. जुडी देताना तो डावा हात उजव्या कोपराला लावायचा, प्रसाद दिल्यासारखा.

एकदा त्याच्यामागे केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा दिसला. त्यावर वेगवेगळ्या लिप्यांत काहीतरी लिहिलेलं. हे काय, म्हणून विचारलं. तिकडे तो शाळामास्तर होता; त्याला तेवढंच हवं होतं.

छातीवर हात ठेवून तो म्हणाला, “घरात आम्ही ‘मी’ला ‘ङा’ म्हणतो.” वाङ्मयातला ङ, जो मी शाळेत नुसताच घोकला होता, तो त्याच्या तोंडून श्वासासारखा निघाला. मग त्याने शेजारच्या चिनी भाजीवालीकडे बोट केलं. “ती कँटनची. ती म्हणते ‘ङो’. मागे एक तिबेटी गिऱ्हाईक आलं होतं, ते पुन्हा ‘ङा’च. भेटेल त्याचा ‘मी’ या पुठ्ठ्यावर लिहून घेतो.”

“एकाच घराण्यातल्या भाषा?”

“हीप्स! ढिगाने आहेत, हिमालयापासून पार चीनच्या समुद्रापर्यंत. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आता एकमेकांचं बोलणं कळत नाही. पण छातीवर हात ठेवला, की हेच.”

मी विचारलं, “तुमच्या घरचं कोण असतं इथे?”

“कोणीच नाही,” तो म्हणाला आणि त्या पुठ्ठ्याकडे बघून हसला. “पण सापडतायत.”

त्याने कोपराला हात लावून जुडी पुढे केली. त्या दिवशी मी ती दोन्ही हातांनी घेतली.