देवमाशाचे मागचे पाय

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत जो माणूस तीस वर्षं हाडं घासत बसला, त्याला सगळे हाडवैद्य म्हणत. खरं तर त्यांनी कुणाचा साधा मुरगळलेला पाय कधी चोळला नव्हता. त्यांच्याकडे येणारे रोगी येतानाच मेलेले असत. कधी हरीण, कधी कासव, एकदा तर प्राणिबागेतली म्हातारी जिराफ. त्यांची हाडं ते कोमट पाण्यात भिजवत, मऊ ब्रशानं घासत, सावलीत वाळवत आणि मग तारेनं एकेक जोडून तो प्राणी पुन्हा उभा करत. "माझा एकही रोगी तक्रार घेऊन परत आलेला नाही," एवढा एकच विनोद ते करत, तोही वर्षातून एकदा. बायको म्हणायची, "यांना सगळी हाडं पाठ आहेत. जिभेला हाड नाही ना, म्हणून ती वापरायची कशी ते ठाऊक नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या. विशीतच ती घर सोडून टेकडीवरच्या एका मठात गेली होती. तिथं बारा वर्षं राहिली. मग भावाची बायको गेली. मागे दोन वर्षांचं पोर उरलं, आणि भाऊ तर सदा जहाजावर. पंधरा दिवसांसाठी म्हणून आत्या खाली उतरली ती उतरलीच. त्या पोराला तिनं हाडाची काडं करून वाढवलं. ते पोर म्हणजेच हाडवैद्य.

लहानपणी आत्या त्यांना कुशीत घेऊन सांगायची, "जीव चौऱ्यांशी लक्ष घरं बदलत येतो बरं. किड्याचं घर, माशाचं घर, पाखराचं घर. सगळी भाड्याची. माणसाचं घर सगळ्यांत वरचं. त्याला गच्चीकडे उघडणारं दार असतं." पोराला झोप लागायची आणि स्वप्नात ते एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहायचं.

पुढे संग्रहालयात आल्यावर हाडवैद्यांना दुसरीच गोष्ट कळली. खालून वर चढत जाणारी शिडी अशी नव्हतीच. होतं ते झाड, वेडंवाकडं, चहूकडे फुटलेलं. वटवाघळाच्या पंखात, घोड्याच्या पायात आणि त्यांच्या स्वतःच्या हातात तीच हाडं होती. कुठं लांबवलेली, कुठं आखूड केलेली, कुठं एकात एक मिसळलेली. कुणी वर नव्हतं, कुणी खाली नव्हतं. आत्याशी यावर त्यांनी कधी वाद घातला नाही. तिची समजूत तिच्यापाशी आणि आपली आपल्यापाशी, म्हणून ते गप्प जेवत.

मग देवमासा आला. किनाऱ्याला लागून मेलेला, मांस झडावं म्हणून सात वर्षं वाळूत पुरून ठेवलेला, आता ट्रकमधून तुकड्यातुकड्यांनी आलेला. चाळीस फूट लांब. एकेक मणका स्टुलाएवढा. सात वर्षांनंतरही हाडांतून तेल पाझरत होतं आणि खोलीभर समुद्राचा जुना, गोडसर वास भरून राहिला होता. हाडांबरोबर एक कापडी पिशवी होती. तिच्यात वीतभर लांबीची, किंचित वाकलेली दोन हाडं. ती पाठीच्या कण्याला कुठंच लागत नव्हती.

"ती राहू द्या," संग्रहालयाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "अधांतरी दोन काड्या लोंबताना दिसतील. लोक म्हणतील, हाडवैद्यांना जागा सापडली नाही."

हाडवैद्यांनी पिशवी कपाटात ठेवली नाही, टेबलावरच ठेवली.

त्याच आठवड्यात बायको लेकीकडे गेली. आत्याला मध्ये एकदा चक्कर आली होती. ऐंशीच्या बाईला घरी एकटं कसं ठेवायचं? हाडवैद्यांनी तिला कामावर नेलं. खिडकीजवळ खुर्ची दिली, मागे उशी दिली. धुरकट काचेतून दुपारचं ऊन दुधासारखं आत झिरपत होतं आणि आत्या मणक्यांच्या रांगेत बसली होती, जणू एखाद्या मोठ्या प्राण्याच्या पोटात कुणी पाहुणी.

"ही कसली रे हाडं?" तिनं पिशवीकडे बोट केलं.

"कमरेची. याचे मागचे पाय इथं लागायचे."

"माशाला पाय?"

"मासा नव्हे तो, आत्या. पिल्लाला दूध पाजतो, वर येऊन श्वास घेतो. याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते. फार फार पूर्वी. मग पाण्याकाठी राहू लागले, मग पाण्यात. पाय आखडत गेले. एवढंसं उरलंय."

आत्यानं एक हाड मांडीवर घेतलं. "देवमासा म्हणतो आपण. त्यातला मासा तर तू खोडलास. मग उरलं काय?"

हाडवैद्य हसले. तीस वर्षांत त्या खोलीत ते क्वचितच हसले असतील.

आत्या मात्र हसली नाही. "म्हणजे हा जमिनीवर पोचला होता. आणि परत खाली उतरला."

"खाली नाही गं. नुसता परत गेला."

बराच वेळ ती हाडावरून बोट फिरवत राहिली. डोळे मिटले, मान कलली. डुलकी लागली असेल म्हणून हाडवैद्यांनी ब्रश उचलला. तेवढ्यात ती डोळे न उघडताच बोलली, "मठातून मी निघाले तेव्हा थोरल्या माई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, शेवटच्या पायरीवरून उतरते आहेस, आता पुन्हा पहिल्यापासून चढावं लागेल."

हाडवैद्यांचा हात थांबला. अठ्ठेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. आपल्या दूधभाताचं, आपल्या गोवराचं, आपल्या शाळेच्या डब्याचं मोल कुणी असं मोजलं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"तुला तसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"वाटत होतं. रोज."

मग तिला खरंच झोप लागली. तासाभरानं जागी झाली ती गालावर उशीचे वळ घेऊन. "मी पाण्यात होते," ती म्हणाली. "खोल, हिरव्या पाण्यात. पाय शोधत होते आणि सापडत नव्हते. पण भीती वाटली नाही. उलट अंग हलकं. वाटलं, बाई, केवढी मोठी झालेय मी!"

दुसऱ्या दिवशी ती प्रश्न घेऊनच आली. "त्याला परत कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. काठावर ज्यांना पाण्यात जरा बरं जमलं, ती जगली. त्यांना पोरं झाली. पोरांत ज्यांना आणखी जमलं, ती टिकली. असं लाखो वर्षं."

"कुणीच बोलावलं नाही? आतून हाक नाही?"

"नाही, आत्या. मला तरी हाडांत ती कुठं सापडली नाही."

"हाक हाडात सापडते होय?" आत्या म्हणाली. "तू दोन वर्षांचा होतास आणि दारात रडत उभा होतास. मला कुणी पाठवलं नाही, हे खरं. पण हाक नव्हती म्हणून मला सांगू नकोस."

हाडवैद्यांनी ब्रश तिच्या हातात दिला. आठवडाभर ती दोन हाडं आत्यानंच घासली. घाई न करता, लेकराचे पाय धुवावेत तशी. तेलाचे डाग गेले आणि हाडं शिंपल्यासारखी फिकट झाली.

शुक्रवारी हाडवैद्य जिना चढून प्रमुख बाईंच्या खोलीत गेले आणि न बसता बोलले, "बाई, ती हाडं काढली तर लोकांना फक्त आकार दिसेल. लावली तर प्रवास दिसेल. अधांतरी दिसतील, कारण ती तशीच असतात. कण्याला नाही, मांसात धरलेली. चूक माझी दिसली तर दिसू दे. खाली पाटी मी लिहीन."

बाईंनी चष्मा काढला. "हाडवैद्य, तुम्ही एवढं बोलता?"

"आजच," ते म्हणाले.

हाडं लागली. दोन बारीक तारांवर, शेपटीच्या अलीकडे, वारा आला की किंचित डुलणारी. दालन उघडल्यावर लोक आधी जबड्याखाली उभे राहत आणि मग हमखास तिथं येऊन विचारत, "हे काय राहिलंय?"

आत्यानं मग एक पत्र लिहिलं, मठाला. उत्तर आलं. थोरल्या माई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण दार उघडं होतं, कधीही या. हाडवैद्य तिला घेऊन गेले. टेकडीवर धुकं होतं, पायऱ्या ओल्या होत्या. दर दहा पायऱ्यांवर आत्या थांबायची आणि म्हणायची, "चढतेय हो, चढतेय." स्वतःशीच हसायची.

संध्याकाळी दिवे लागल्यावर मठातल्या बायका तिच्याभोवती बसल्या. जुनं काही सांगा म्हणाल्या. आत्यानं जुनं काही सांगितलं नाही, देवमाशाचं सांगितलं. "तो जमिनीवर आला, सगळं पाहिलं, आणि मग त्याला पाण्याची हाक ऐकू आली. वर चढूनही तो परत गेला. आणि गेला म्हणून लहान झाला नाही बायांनो, सगळ्यांत मोठा झाला."

मागे भिंतीला टेकून बसलेल्या हाडवैद्यांची चुळबुळ सुरू झाली. एक मिनिट त्यांनी कळ काढली. मग राहवेना.

"आत्या, हाक नव्हे गं," ते म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. हाडवैद्य कानापर्यंत लाल झाले. आत्या मात्र जराही रागावली नाही.

"हा माझा भाचा," ती म्हणाली. "याच्यासाठीच मी इथून उतरले. याचं म्हणणं माझ्याहून वेगळं आहे, आणि हाडं यानं मोजलीत, मी नाही. ये रे पुढे. तुझंही सांग."

हाडवैद्य उठले, बायकांच्या मधून वाट काढत पुढे आले आणि आत्याशेजारी मांडी घालून बसले. घसा खाकरला. "फार पूर्वी," त्यांनी सुरुवात केली, "पाण्याकाठी एक जनावर होतं. कुत्र्याएवढं."