डावा कौल

माझ्या सासूबाईंना, रमाबाईंना, लालबाग-परळमधले निम्मे लोक अजून 'सिस्टर' म्हणतात. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत कुणीही रस्त्यात थांबतं, बाही वर करतं आणि म्हणतं, "सिस्टर, हे जरा बघता का?" त्याही चष्मा कपाळावर सरकवून तिथेच बघतात. मला या प्रकाराचा राग यायचा, कारण पिशव्या माझ्या हातात असायच्या.

त्यांचा जन्म मालवणकडच्या एका खेड्यातला. घरची भातशेती, सहा भावंडं, त्यांत ह्या थोरल्या. तेराव्या वर्षी अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालून त्यांनी रेडकू बाहेर ओढलं होतं. "थयसरच माझा ट्रेनिंग झाला," असं त्या अभिमानाने सांगतात. पुढे मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात महिनाभर भांडण चाललं, तेव्हा वडिलांनी ग्रामदेवतेला, रवळनाथाला कौल लावला.

मी माटुंग्याची. लग्नाआधी मला कौल म्हणजे छपरावरचं, एवढंच ठाऊक. यांच्याकडे मात्र देवाला प्रश्न विचारतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो आणि सगळे वाट बघत बसतात. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्या वेळी उजवी पडली आणि रमाबाई मुंबईत आल्या.

परळच्या एका सरकारी हॉस्पिटलात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. गिरणीत काम करणाऱ्या कुशाबांशी लग्न झालं. संपात गिरणी बंद पडली, ती कायमचीच. आता हयात नसलेले सासरे तेव्हा दिवसेंदिवस खिडकीत बसून राहायचे. बाईंनी रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दिवसा घरी राहून नवऱ्याला चार घास खायला लावता येतील. या सगळ्यात देवाची पूजा एक दिवस चुकली नाही. अंगाऱ्याची पुडी युनिफॉर्मच्या खिशात असायची. पण एका पेशंटच्या नातेवाइकाने अंगारा जखमेला लावायचं म्हटलं, तेव्हा त्याला त्यांनी वॉर्डाबाहेर काढलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. हृदय अशक्त आहे, धोका आहे. पण नाही केलं तर अंथरूण सुटायचं नाही. बाईंनी सगळं ऐकलं. भूल कमरेत देणार का, रक्ताची सोय केली का, असे नेमके प्रश्न विचारले. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी सहीचा कागद पुढे केला.

"सही उद्या," बाई म्हणाल्या. "आधी कौल येव दे."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर दुसऱ्यांना ऑपरेशनला पाठवणारी बाई स्वतःची वेळ आल्यावर देवाला विचारत बसते! माझे यजमान, विनीत, आईपुढे गप्प. त्यांनी गावच्या गुरवाला फोन लावून दिला. बाईंनी आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितलं. "देवाक काय इचारूचा ता माझा मी सांगतंय. तुमचा हय काय काम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांच्या भाच्याचा, मयूरचा, देवळातून फोन आला. विनीत खाली औषधं आणायला गेलेले. फोन मी घेतला.

"वैनी, डावो इलो हां. गुरव म्हणतत, आत्येक सांगा—"

पुढे तो काहीतरी सांगत होता, पण मी फोन ठेवला. डावा म्हणजे नकार. हे तिला सांगितलं की ती सही करणार नाही आणि महिनाभरात आमच्या डोळ्यांदेखत झिजून जाईल. मी देवाला मनातल्या मनात सांगितलं, तुझं तू बघ, माझी सासू मला हवी आहे. आणि आत जाऊन हसत म्हटलं, "आई, उजवा आला."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "बरा," म्हणाल्या. पेन मागितलं आणि सही केली.

मग पुण्याहून ध्रुवला, माझ्या मुलाला, बोलावून घ्यायला लावलं. हातातल्या बांगड्या काढून मला दिल्या. "ऑपरेशनपुरत्या ठेवते," मी म्हटलं, त्यावर त्यांनी माझी मूठ बांगड्यांवर घट्ट मिटली. विनीतला कपाटातले कागद कुठे आहेत ते समजावलं. ध्रुव आल्यावर त्याच्या तोंडावरून कितीतरी वेळ हात फिरवत होत्या. देवाचा होकार मिळाला म्हणून बाई शांत झाल्या, असं मला वाटलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. आमच्या जिवात जीव आला. विनीत तर हॉस्पिटलच्या जिन्यात ढसाढसा रडले.

फक्त बाईंचा चेहरा खुलेना. घरी आल्यावर मी पूजेचं तबक घेऊन गेले, की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. पूजा तूच कर, म्हणायच्या. साठ वर्षांत असं झालं नव्हतं. शेजारणी सांगायच्या, "सिस्टर, देवानेच वाचवलं हो तुम्हाला," तर त्या विषय बदलायच्या. ऑपरेशननंतर असं होतं, डॉक्टर म्हणाले. पण एका दुपारी मी त्यांचे पाय चोळत असताना त्या छताकडे बघत म्हणाल्या, "देव खोटो पडलो गो, प्राची. एवढी वर्सां धरलंय तेका, आणि शेवटाक खोटो पडलो."

हे माझंच पाप होतं. आता तोंड उघडल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आई, देव नाही, मी खोटं बोलले. मयूरने डावा सांगितला होता. तुम्ही सही करणार नाही या भीतीने मी उजवा सांगितला. मला काय हवं ते बोला."

त्या कोपरावर उठून बसल्या. "परत सांग."

"डावा होता."

"डावो? नक्की डावो?"

आणि त्या हसायला लागल्या. टाके दुखतात म्हणून कमरेला हात लावून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, नव्या नवरीसारखं तोंड झाकून हसल्या.

"अगो मेले! ऑपरेशन करू काय नको ह्या देवाक कित्याक इचारू? छत्तीस वर्सां वॉर्डात काय झक मारलंय? ता माका कळता. मी इचारलंय, देवा, माका आता नेतलंस काय?"

मला समजायला थोडा वेळ लागला. डावा म्हणजे नकार. एवढ्यात नेत नाही, असं देवाने सांगितलं होतं, आणि मी शहाणीने तिच्यापाशी जाऊन हसत हसत सांगितलं होतं की नेणार आहे. त्यावर ती 'बरा' म्हणाली होती.

"मग सही कशाला केलीत?" मी विचारलं. "आपण वाचणार नाही असं वाटत होतं, तरी?"

"तुमच्यासाठी." त्यांनी डोळे पुसले. "सही केली नसती तर जन्मभर तुमका वाटला असता, ऑपरेशन केला असता तर म्हातारी वाचली असती. तसली माणसां वॉर्डाभायर बसलेली मी खूप बघितलंय. माझी पोरां तशी बसूक नको होती."

मी त्यांच्या मांडीत तोंड खुपसून मोठ्याने रडले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत मला मालवणीत शिव्या घालत राहिल्या.