देव पारोसा राहू नये म्हणून

आमचं महादेवाचं देऊळ हेमाडपंती. चुन्याचा थेंब नाही, नुसता दगडावर दगड. पूजा आम्हा गुरवांकडे किती पिढ्या होती, कुणालाच सांगता यायचं नाही. रीत मात्र गावाला पाठ होती. देव एक दिवसही पारोसा, म्हणजे बिनआंघोळीचा, राहता कामा नये. राहिला तर गाव ओस पडतं. आणि गाभाऱ्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही.

लढाईच्या वर्षांतली गोष्ट. आमच्या पाथर्डीकडे पावसानं दडी मारली आणि गाव बैलगाड्या जुंपून नदीकाठच्या गंगथडीला सुगीच्या कामावर गेलं. मागं उरलो वडील आणि मी. नवऱ्यानं टाकलेली मी, कुठं जाणार? गाव तर ओसच पडलं होतं, पण हे बोलायचं कुणाशी?

त्यात वडील हिवतापानं अंथरुणाला खिळले. देवाला आंघोळ कोण घालणार, हाच एक घोषा. अन्नाला शिवेनात. शेवटी मी खोटं बोलले. म्हटलं, शेजारच्या वाडीचा तुमचा पुतण्या रोज येऊन पूजा करून जातो. घंटा ऐकून त्यांना खरं वाटलं. त्या दिवशी ते वाटीभर पेज प्याले.

घंटा मीच वाजवत होते. अकरा दिवस पिंडीला आंघोळ घातली, बेल वाहिला. पहिल्या दिवशी भीत भीत उंबरा ओलांडला, मग भीड चेपली. मंत्र अर्धेमुर्धे यायचे. उरलेल्या जागी माझंच गाऱ्हाणं घालायची. सासर सुटल्यापासून माझं इतकं निवांत कुणी ऐकलं नव्हतं. घरी वडील पुतण्याचे गोडवे गायचे आणि मी मुकाट्यानं मान डोलवायची.

वडील बरे झाले, गाव परतलं. शिवरात्रीला पुतण्या आला तेव्हा वडिलांनी त्याला पोटाशी धरलं. तो सरळमार्गी माणूस. म्हणाला, "काका, मी कवा आलो? मी बी गंगथडीलाच गेल्तो."

वडील माझ्याकडे वळले. "मग गाभाऱ्यात कोन गेल्तं?"

"मी. तुमी जेवत नव्हता."

रागावतील, मुस्कटात ठेवून देतील, असं वाटलं. तेही मला चाललं असतं. ते उठले. गोमूत्राचं भांडं घेऊन देवळाकडे निघाले. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी आन."

शुद्धीच्या सगळ्या घागरी बारवेतून मीच वर आणल्या. उंबऱ्याशी ठेवून बाजूला उभी राहिले. आत ते माझे अकरा दिवस धुऊन काढत होते.