जपानी अक्षरांची बॅट

हसायचं असेल तर आधीच सांगा, म्हणजे मी चहा संपवून घेतो. दर वेळी असंच होतं. मी ही फजिती सांगायला लागतो, ऐन मोक्याच्या जागी तुम्ही हसत सुटता, मी तोंड पाडून बसतो आणि चहा निवून जातो.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी श्रीवर्धनच्या मामलेदार कचेरीत कारकून. कचेरी सुटली की थेट वाचनालयात. वाचायला नव्हे हो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत कुणीतरी देणगी दिलेलं टेबल टेनिसचं टेबल होतं. समुद्राच्या हवेने त्याचा एक कोपरा फुगला होता. त्या कोपऱ्यावर चेंडू पडला की पुढे तो कुठे जाणार, हे एका हरिहरेश्वरालाच ठाऊक.

माझ्यासमोर खेळायला काशीनाथ, म्हणजे काशा, कोळीवाड्यातला. पहाटे बापाबरोबर होडीवर, संध्याकाळी टेबलावर. मिळेल त्या बॅटीने खेळायचा आणि मला रोज हरवायचा.

आणि मी? मी हरता हरता जपानात असायचो. शाळेत असताना मामाने मला मुंबईला जागतिक सामने बघायला नेलं होतं. आमची जागा सगळ्यात वरची, जवळजवळ छपराला टेकलेली. खाली एक किरकोळ अंगाचा जपानी खेळाडू लेखणी धरावी तशी बॅट धरून खेळत होता. त्याच्या बॅटीला जाड स्पंज लावलेला. चेंडू यायचा, जायचा, आणि आवाज म्हणून काही नाही. समोरचा बिचारा भांबावून गेला होता. वरून मला तो माणूस हवेत काहीतरी लिहीत असल्यासारखा दिसला. काय लिहीत होता ते वाचायचंच राहिलं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

तेव्हापासून माझीही तीच लेखणीची पकड, पेनहोल्ड. वाचनालयाची बॅट लांब दांड्याची, ती तशी धरली की दांडा मनगटात रुतायचा. पण स्वप्नापुढे मनगटाचं काय? काशाला मात्र हे बघवायचं नाही.

"वसंता, बॅट धर रं नीट," तो म्हणायचा. "ही काय कचेरी हाय?"

आता यात आले नाना. नाना वाचनालयाचे कार्यवाह. नबाबाच्या अमदानीत संस्थानच्या दप्तरात सगळी हयात लिहिण्यात घालवलेली. पुढच्या खोलीत ते वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि मागून आमची टकटक चालू. एक दिवस चष्मा कपाळावर चढवून ते दारात उभे राहिले.

"वसंता, ती भिंतीवरची पाटी वाच."

"शांतता राखा," मी वाचलं.

"मग? पुढच्या सभेत हे टेबल विकायचा ठराव आणतोय मी. इथे कपाट ठेवू. कपाट टकटक करत नाही."

तुम्हाला वाटेल, एक टेबल गेलं तर काय एवढं? पण श्रीवर्धनची संध्याकाळ तुम्ही पाहिलेली नाही. दिवस मावळला की समुद्राकडून एक उदासपणा येतो आणि सगळ्या गावावर बसून राहतो. ते टेबल होतं म्हणून मी तगून होतो. शिवाय कचेरीतला कारकून आणि कोळीवाड्यातला काशा एकमेकांची थट्टा करत तासभर समोरासमोर उभे राहतील, अशी दुसरी जागा गावात नव्हती. टेबल गेलं असतं तर काशा मला बाजारात नुसता हात करून पुढे गेला असता. मला खरंच वाईट वाटलं.

त्या रात्री अंथरुणात मला एकदम सुचलं. आवाज नको ना? मग जपानी बॅट! पेनहोल्डची फळी आणि वर स्पंज. नानांना शांतता, मला जपान. एका दगडात दोन पक्षी.

रजा टाकली, बोट धरली, मुंबईला गेलो. खेळाच्या सामानाच्या दुकानात एक गुजराती शेठ बसले होते.

"पेनहोल्ड? ए तो जापानी लोकनी रमत छे," ते म्हणाले. "आपल्याकडे कोण मागते?"

तरी त्यांनी माळ्यावरून एक धुळकट फळी काढून दिली. आखूड दांडा, त्याला बुचाच्या लाकडाचा वेढा, तर्जनी अडकवायला खाच. मी ती लेखणीसारखी धरली आणि दुकान विरघळलं. शेठ काहीतरी बोलत होते, मी हवेत लिहीत होतो.

एवढं सांगतो, त्या निवडीत मी चुकलो नाही. पेनहोल्डवाला एकाच बाजूने मारतो, म्हणून रबर एकाच बाजूला लागतं. सगळा भार बोटांवर येतो, म्हणून फळी हलकी हवी. हे सगळं मी शेठना समजावलं. ते बिचारे मान डोलवत राहिले.

"अने रबर? दाणावालो आपू?"

"दाण्याचं नको. टकटक करतं. स्पंज द्या."

"स्पंज नथी," शेठ म्हणाले. "जापान जवू पडशे."

जपान काही रजेत बसण्यासारखं नव्हतं. नुसती फळी घेतली, आणि येताना भाऊच्या धक्क्याजवळ मन रमवायला म्हणून निळ्या पट्ट्यांच्या स्पंजच्या चपला घेतल्या. तेव्हा त्या नव्यानेच निघाल्या होत्या. श्रीवर्धनात अशा चपला आणखी एकाच माणसाच्या पायात होत्या. नानांच्या. त्यांना जावयाने आणून दिल्या होत्या.

आता नीट ऐका. एका संध्याकाळी काशाचा एक फटका त्या फुगलेल्या कोपऱ्यावर बसला आणि चेंडू थेट बाहेरच्या दारात गेला. आमच्याकडे वाचनालयात चपला दाराशीच काढतात. चेंडू एका निळ्या पट्ट्याच्या चपलेवर पडला, उंच उडाला, परत पडला, परत उडाला. आणि आवाज? नाही. मी दारात उभा राहून बघतच राहिलो. पायाखाली जपान होतं आणि मी मुंबईला जाऊन आलो होतो!

काशाला म्हटलं, आज पुरे. समोरच्या निळ्या चपला पायात सरकवल्या आणि तरंगत घरी आलो. चपला वाटेत जरा सैल लागल्या. मला वाटलं, आनंदाने माणूस हलका होत असावा.

घरी येऊन डाव्या पायाची चप्पल आईच्या विळीवर चिरली. चप्पल अरुंद आणि फळी रुंद, म्हणून टाचेचा आणि चवड्याचा असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसवले. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून वर पाटा ठेवला. विळीवर काय चिरलं ते आईला कळल्यावर तिने ती विळी राखेने आणि चिंचेने घासली आणि आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही. (नुसत्या स्पंजच्या बॅटीवर तोवर जगभर बंदी आली होती, हे मला पुढे कळलं. पण श्रीवर्धनला बोट उशिराच यायची.)

सकाळी उजेडात बघतो तर टाचेच्या तुकड्यावर तापल्या सुईने डागल्यासारखी दोन अक्षरं. वळणावळणाची, एकमेकांत गुंतलेली, डोक्यावर एक सलग रेघ. माझ्या अंगावर काटा आला. जपानी अक्षरं! चपला घेतल्यापासून आपलं लक्षच कसं गेलं नाही?

काशाला दाखवली. त्याने बॅट उलटीसुलटी केली.

"काय लिवलंय ह्या?"

"कंपनीचं नाव असणार. जपानी आहे."

"जपानी? आरं, आमच्या आज्याच्या पेटीत आसंच लिवलेलं कागद हायेत."

मी त्याच्या पाठीवर थाप मारून हसलो. म्हटलं, कोळीवाड्यात जपानी कागद! तुझा आजा होडी घेऊन किती लांब गेला होता रे?

"कुठं जातोय? म्हसळ्याच्या फुडं गेला न्हाय," काशा म्हणाला.

त्याच सुमाराला नाना लंगडायला लागले. वाचनालयाच्या पायरीवर बसून पाय चोळत होते, बोटं चपलेच्या पुढे आलेली, टाच मागे लोंबतेय.

"पाय सुजलेत रे वसंता. चपलासुद्धा होईनात."

आणि मी काय म्हणालो असेन? माझं काळीज मुळात मऊ. मी म्हटलं, "नाना, अंगावर काढू नका. वैद्यांना दाखवा. आमच्या काकांचंही असंच पायांपासून सुरू झालं होतं."

"काका आता कसे आहेत?"

"गेले."

नाना त्याच पावली वैद्यांकडे गेले. वैद्यांनी पाय दाबून बघितले, चपलेत घालून बघितले, आणि सूज आहे असं ठरवलं. मीठ बंद, आंबट बंद, मासळी तर नावालाही नको. नेमके बोंबलाचे दिवस. नानांच्या घरी शेजारच्या तव्यांचा वास यायचा आणि नाना खिडकी लावून अळणी पेज प्यायचे. मी रोज जाता-येता विचारपूस करायचो. तेही म्हणायचे, वसंता पोरगा मायाळू आहे, पण टेबल जाणारच.

सभेचा दिवस आला. मंडळी पुढच्या खोलीत जमली. मी उभा राहून म्हटलं, "ठरावाआधी पाच मिनिटं खेळ ऐकून घ्या. आवाज आला तर टेबल खुशाल विका." काशाला म्हटलं, चल.

सगळे कान देऊन बसले. खेळ सुरू झाला. काशाने मारलं, टक. मी मारलं, काही नाही. टक. काही नाही. टक. काही नाही.

"निम्मा आवाज गेला, हे खरं," नाना पुढच्या खोलीतून म्हणाले. "पण उरलेला निम्मा कुणाचा?"

"माजा," काशा म्हणाला. "माजी बॅट हितलीच हाय."

एवढ्यात मला रंग चढला. मी टेबलावर नव्हतोच, मी त्या छपराखालच्या जागेवरून खाली उतरलो होतो, हजारो माणसं श्वास रोखून बघत होती. मी हवेत एक लांबलचक अक्षर काढलं. स्पंजवरून सुटलेला चेंडू टेबलाला न शिवता दारातून पुढच्या खोलीत गेला आणि नानांनी घरून आणलेल्या पेजेच्या पेल्यात पडला. त्याचाही आवाज आला नाही.

नाना उठले, लंगडत आत आले. "बघू ती बॅट."

मी अदबीने दिली. "जपानी आहे, नाना. वर अक्षरंसुद्धा आहेत. अशी लेखणीसारखी धरायची."

नानांनी धरली. जन्मभर बोरू चालवलेला हात तो. इतकी सुरेख पेनहोल्ड पकड मी त्या जपान्यानंतर पहिल्यांदाच पाहिली, आणि अंगठा बरोबर त्या अक्षरांखाली. नानांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"ना. ह.," त्यांनी वाचलं.

मंडळींत कुजबुज झाली. एक जण म्हणाले, नानांना जपानी येतं हे ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, क्षणभर मलाही त्यांचा अभिमान वाटला.

"नारायण हरी," नाना म्हणाले. "देवळाच्या दारातून चपला जातात म्हणून मीच डागली होती अक्षरं. मोडीत."

मग त्यांनी पायातली चप्पल काढली, टाच बघितली. कोरी. पायाची बोटं हलवून बघितली. वाचनालय स्थापन झाल्यापासून तिथे तेवढी शांतता कधी झाली नसेल.

"म्हणजे माझे पाय धड आहेत," ते हळूच म्हणाले. मग आवाज चढला. "अरे वसंता, अख्खे बोंबलाचे दिवस गेले माझे! चपलेचं सोड, बोंबील कुठून भरून देणार आहेस?"

मी बुजलेल्या मुलासारखा टेबलाचा फुगलेला कोपरा चाचपत राहिलो.

"तुला शाळेत मोडीचा तास होता ना?"

"होता, नाना."

"मग?"

"त्या खिडकीतून बोटी दिसायच्या."

नानांनी चष्मा परत कपाळावर चढवला. रागावले होते की हसू दाबत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

"टेबल राहू दे," ते शेवटी मंडळींना म्हणाले. "वसंता, माझी उजव्या पायाची चप्पल तुझ्या घरी असेल, ती या काशाच्या बॅटीला लाव. एकाच चपलेवर मी काय लंगडी घालू? म्हणजे उरलेला निम्माही आवाज जाईल. पण खेळायचं काशाने आणि बाकीच्यांनी. तुला मोडी लिहिता येईपर्यंत तू बॅटीला हात लावायचा नाहीस. रोज संध्याकाळी इथेच, या टेबलावर, माझ्यासमोर बसायचं."

तसं झालं. दोन्ही बॅटींना नानांच्या चपला लागल्या आणि टेबल वाचलं. काशा नवा जोडीदार घेऊन माझं उठणं होईपर्यंत भिंतीला टेकून थांबायचा. मी त्या फुगलेल्या कोपऱ्याशी दौत सावरत बोरूने वळणं गिरवायचो. शेजारी नाना, समोर खिडकी, खिडकीत पुन्हा बोटी. बोटं इतक्या वर्षांच्या सवयीने तर्जनी वाकवून, अंगठा आडवा टाकूनच बोरू धरायची, आणि अक्षर कागदाबाहेर उडायचं.

नाना काही बोलायच्या आत काशाच भिंतीपासून म्हणायचा, "वसंता, लेखणी धर रं नीट. ही काय बॅट हाय?"