खामसिंगच्या लिव्हरची डावी बाजू

ची नावाच्या आमच्या नदीवर जाळं फेकावं ते खामसिंगनंच. एकदा गावप्रमुखाची टोपी वाऱ्यानं पाण्यात गेली, तर पठ्ठ्यानं एका फेकीत टोपी आणि वर अकरा मासे काढले. टोपी परत दिली, मासे नाही!

ते मासे काठावरच बारीक चिरायचे, वर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची भरड आणि मूठभर लाल मुंग्या. चुलीचं नाव नाही. "लिंबानं शिजतो तो," म्हणायचा. कच्च्या माशातला किडा लिव्हरमध्ये बिऱ्हाड करतो, हे शाळेच्या भिंतीवर चित्रासकट रंगवलं होतं. त्याच भिंतीला टेकून आम्ही चिकट भाताच्या गोळ्यानं ताटं पुसायचो.

एकसष्टाव्या वर्षी त्याच्या लिव्हरच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. कॅन्सर. शहरातल्या इस्पितळात मांडीतून नळी घालून किरण सोडणारे बारीक मणी थेट गाठीपाशी पोचवले. चौथी पास म्हणून सोबत मी, गावाचा 'मास्तर'. डॉक्टरीणबाईंनी मलाच समजावलं, "आजोबा, उजवी बाजू आता आतून भाजून आकसेल. तिचं काम डावी अंगावर घेईल, वाढेल. पुरेशी वाढली की उजवी कापून काढू. तोवर डावीला जपा. दारू नाही, झाडपाल्याचे काढे नाहीत."

"आणि कच्चा मासा?" खामसिंगनं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"नाही, आपलं विचारून ठेवलं."

तीन महिने त्यानं उकडलेला मासा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून खाल्ला. मग इस्पितळात पुन्हा पोटाचा फोटो काढला. कागद त्याच दिवशी मिळाला, बाईंची भेट आठ दिवसांनी होती. कागद इंग्रजीत. मला त्यातले आकडे तेवढे येत.

"वाच की, मास्तर," खामसिंग म्हणाला.

जुन्या कागदावर चार सेंटिमीटर, नव्यावर साडेसहा. मी म्हणालो, "वाढलीय."

एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी गाव त्याच्या घरी जमलं. माणूस हादरला की त्याचा जीव अंगातून भटकतो, त्याला परत बोलवायला आम्ही मनगटाला पांढरे दोरे बांधतो. दोरे झाले, पंगत बसली. पंगतीत कच्चा मासा. त्यानं हात पुढे केला.

"अहो, नको ना," त्याची बायको माली म्हणाली.

"मरायचंच तर उकडलेलं खाऊन मरू?"

त्या दिवसापासून वैदूचा मुळ्यांचा काढा सुरू झाला, तोही भाताच्या दारूतला, दिवसातून तीनदा. बाईंच्या भेटीला गेलाच नाही. मीही ओढून नेला नाही.

दोन महिन्यांनी डोळे हळदीसारखे पिवळे, पोट रांजणाएवढं. तेव्हा नेला.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "साडेसहा हा भाजलेल्या भागाचा डाग आहे, आजोबा. सुरुवातीला तो गाठीपेक्षा मोठा दिसतोच. आतली गाठ मेली होती. खाली लिहिलंय की."

मी खाली पाहिलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या, आकडा एकही नाही.

"आणि डावी?" मी विचारलं.

"छान वाढली होती. त्या आठवड्यात आला असतात तर ऑपरेशनची तारीखच देणार होते. आता दारूनं आणि काढ्यानं तीच गेली. उजवी कापली तर मागे उरणार काय?"

परतताना पिकअपच्या मागच्या फळीवर आम्ही दोघंच. बराच वेळ तो मनगटावरचे मळलेले दोरे चाचपत होता. मग म्हणाला, "मास्तर, तुला आकडे येतात ना? आता माझे दिवस मोज." आणि हसला, नदीतून टोपी काढली त्या दिवशीसारखा.

एकोणीस झाले.

त्याच्या दहनानंतरच्या जेवणाला मी केळीच्या पानात वाफवलेला मासा घेऊन गेलो. "काय मास्तर, आजारी आहेस काय?" कुणीतरी ओरडलं. सगळे खदखदले, आणि लिंबू पिळलेल्या कच्च्या माशाची ताटं पुढे सरकली. माझा मासा मालीनं एकटीनं खाल्ला. दोनच घास, सावकाश काटे काढत. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.