नानांची ‘फुंक’ आज चार वाजता होणार म्हणजे होणार

ज्यांनी कार्यक्रम बंद पाडला, त्यांनीच आज नानांच्या फोटोला हार घातलाय.

सकाळी आमचा रेडिओ चालवणाऱ्या संस्थेच्या ग्रुपवर बॅनर आला. ‘आमच्या रेडिओचा आधारस्तंभ हरपला.’ खाली सचिवांचा फोटो, नानांच्या फोटोपेक्षा मोठा.

माझं डोकं फिरलं. म्हणून ही पोस्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडूनाना चोपड्याकडचे. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. आणि गेली काही वर्षं जळगावच्या आमच्या एवढ्याशा रेडिओवर दर रविवारी चार वाजता जाझ आणि ब्लूजचा कार्यक्रम केला. नाव ‘फुंक’. मी त्यांची प्रोड्युसर.

परवा सकाळी चहा पिता पिता गेले.

हो, जाझ. हो, जळगावात. हसायचं असेल तर हसून घ्या.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत एका इंजिनिअर साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. नानांचं वाजवणं ऐकून साहेबांनी त्यांना जाझची एक कॅसेट दिली. नानांनी ती इतकी ऐकली की टेप तुटली. मग सेलोटेप लावून पुन्हा ऐकली.

पहिल्या एपिसोडला मी कलाकारांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती. त्यांनी कागद बाजूला सारला.

“नाव कसाले पाहिजे, माय? फुंक ऐक.”

जाझ म्हणजे काय, हे त्यांनी माइकवर आपल्या अहिराणीत असं सांगितलं:

“वरात चौकमा अडकी जास. गानं सरी जास, पन वरात हालस नही. मंग काय करशात? मनमा यी ते वाजाडनं पडस. हाई तेच शे.”

मी पुण्यात पैसे भरून कोर्स केलाय. मला एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

आणि लोक ऐकायचे! केळीच्या गाड्या भरताना ऐकायचे, फोन खिशात ठेवून. बोदवडच्या एक काकू दर रविवारी व्हॉइस मेसेज पाठवायच्या, “तो रडका बाजा लावा ना परत.” म्हणजे ब्लूज.

शेवटची दहा मिनिटं कार्यक्रमांची यादी. धुळ्यात चित्रकलेच्या सरांचं प्रदर्शन, कुठल्या देवळात अहिराणी कवींची बैठक, कुठे शाळेचं नाटक. ज्यानं कळवलं त्याचं नाव वाचायचं. मोठा-लहान बघायचं नाही.

“बठ्ठं वाच, माय. एकबी सोडू नको.”

यादीवरूनच घात झाला.

सचिवांचं म्हणणं, फक्त आपल्या संस्थेचे कार्यक्रम वाचा. नानांनी पुढच्याच रविवारी दुसऱ्या संस्थेचं नाटक वाचलं. वेळ, ठिकाण, सगळं. वर म्हणाले, “जा, बठ्ठा जा. चांगलं शे म्हने.”

सोमवारी ‘फुंक’ बंद. त्या जागी ‘यशाची सूत्रे’. जळगावात जाझ ऐकतंय कोण, हे कारण.

आता माझं सांगते, कारण सगळा राग सचिवांवर काढून मी सुटणार नाही.

नानांना फोन मी केला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, “नाना, थोडा ब्रेक घेऊ या.”
ते म्हणाले, “बरं.”

पुढच्या रविवारी नाना हजर. चोपड्याहून एसटीनं, इस्त्रीचा शर्ट, हातात ट्रम्पेटची पेटी. वॉचमननं वर सोडलं नाही. नाना बाहेरच्या पायरीवर बसले आणि चारच्या ठोक्याला सुरू झाले. तासभर वाजवलं. मग खिशातून कागद काढून यादी वाचली. समोर वॉचमन, एक रिक्षावाला आणि मी.

मी म्हटलं, “नाना, घरी जा ना. कशाला बाहेर बसता?”

“माले सवय शे, माय. पुरा जनम दारमाच वाजाडं ना.”

बँडवाला नवरदेवाला मांडवाच्या दारापर्यंत आणतो आणि तिथेच थांबतो. आत जायचं नसतं. नानांना आयुष्यात पहिल्यांदा आत बसवून ऐकलं ते या रेडिओनं. खुर्ची दिली, माइक दिला, पाणी विचारलं.

आणि त्यांना परत दारात आणून बसवलं ते आम्ही. मी.

ते त्यानंतरही दोन रविवार आले. मी दोन्ही वेळा वर ‘यशाची सूत्रे’ लावलं आणि खाली जाऊन नानांना ऐकलं. नोकरी होती ना!

काल सचिवांचा फोन. “मॅडम, नानांवर दोन मिनिटांचं काहीतरी करा. मागे बासरी टाका, सॅड टाइप.”

नाही करणार.

आज रविवार आहे. आज चार वाजता ‘फुंक’ होईल. पूर्ण एक तास. बासरी नाही. यादी पूर्ण वाचली जाईल, त्यात सचिवांची आज संध्याकाळची शोकसभासुद्धा. तोही कार्यक्रमच आहे.

मला काढायचं असेल तर पाच वाजता काढा. त्याआधी स्टुडिओचं दार उघडणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

आत्ता नानांच्या बँडमधल्या भाऊंचा फोन आला होता. सगळे निघालेत, बाजा घेऊन. विचारत होते,

“ताई, आम्ही गेटवरच वाजाडसूत ना?”

मी म्हटलं, “नाही भाऊ. वर या. आत.”

भाऊंनी पुन्हा विचारलं, “बठ्ठा?”

“बठ्ठा.”

नाना, माफ करा. उशीर झाला मला.
तुम्ही निघा आता. इथलं मी बघते.